भोक बुजवू नका

दसरा तोंडावर आला की खडी क्रशरवर, खाणींवर आणि रस्त्याच्या कामांवर पावसाळाभर उभी असलेली मशीनं धुऊन निघतात. खंडेनवमीला पान्यांची, जॅकची, पुलरची पूजा होते, डोझरच्या ब्लेडला हार पडतो आणि दुसऱ्या दिवशी सेल मारला जातो. त्यानंतरच्या आठवड्यात वर्कशॉपला येणाऱ्या फोनमध्ये एक तक्रार ठरलेली असते : वॉटर बॉडी (म्हणजे वॉटर पंप) गळतेय, काहीतरी करा, पण मशीन थांबवू नका. हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर ते फोन सुरू झालेले असतील. म्हणून हे संपादकीय या एकाच गळतीवर लिहीत आहे.

‘काहीतरी करा’ म्हणजे काय करा, हे आपल्या धंद्यात न सांगता कळतं. मशीन तासाच्या भाड्यावर लागलेलं असतं, डंपर रांगेत उभे असतात, मालक डोक्यावर उभा असतो. मिस्त्री खाली सरकतो, पंपाच्या बॉडीच्या तळाशी असलेल्या छोट्या भोकातून थेंब पडताना त्याला दिसतो. तो एम-सील मळतो आणि भोक बंद करतो. काही पंपांत या भोकाला आटे पाडून स्क्रू बसवलेला मी पाहिला आहे, म्हणजे कुणीतरी त्यासाठी वेळ काढून, ड्रिल-टॅप आणून नीट काम केलं होतं. गळती थांबते, सगळे निश्चिंत होतात, आणि त्या क्षणापासून इंजिनाचं खरं नुकसान सुरू होतं.

ते भोक बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या स्पिंडलच्या एका टोकाला इंपेलर पाण्यात फिरतो, दुसऱ्या टोकाला पुली किंवा गिअर असतो, मध्ये बेअरिंग. पाणी बेअरिंगकडे जाऊ नये म्हणून इंपेलरच्या मागे वॉटर सील बसवलेलं असतं. सील ही झिजणारी वस्तू आहे, ती कधीतरी पाणी सोडणारच, हे धरूनच सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक पोकळी सोडतात आणि ती खालच्या भोकातून बाहेर उघडी ठेवतात. सीलमधून सुटलेलं पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं आणि माणसाच्या नजरेला यावं, एवढ्यासाठी ही सोय. भोक बंद केलं की पाण्याला बेअरिंगचीच वाट उरते. ग्रीस धुऊन जातं, गोळ्या गंजतात, स्पिंडल डुगडुगायला लागतो. ज्या इंजिनात पंखा पंपाच्याच स्पिंडलवर बसवलेला आहे तिथे शेवट रेडिएटरमध्ये होतो : पाती जाळीत घुसतात. हजार-दोन हजारांच्या सीलवरून सुरू झालेलं काम रेडिएटरच्या नव्या कोअरपर्यंत जातं.

गिअरवर चालणाऱ्या पंपाची गोष्ट याहून वाईट. कॅटरपिलरच्या डी७जी डोझरमधलं ३३०६ इंजिन घ्या. साडेदहा लिटरचं, सहा सिलिंडरचं हे इंजिन अजून कितीतरी ठिकाणी इमानाने चालतं. त्याचा पंप टायमिंग गिअरवरून फिरतो. इथे एका बाजूला वॉटर सील, दुसऱ्या बाजूला ऑइल सील आणि भोक या दोघांच्या मध्ये. त्यामुळे भोकातून काय येतंय यावरूनच निदान होतं. पाणी आलं तर वॉटर सील गेलं, ऑइल आलं तर ऑइल सील गेलं. हे भोक बुजवलं तर पाणी ऑइल सीलचा ओठ ओलांडून टायमिंग केसमध्ये उतरतं आणि तिथून ऑइल चेंबरमध्ये. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसेपर्यंत मेन बेअरिंगना मार बसलेला असतो. पाण्यात कूलंट असेल तर त्यातलं ग्लायकॉल ऑइलमध्ये मिसळून चिकट गाळ धरतं, ऑइलच्या वाटा कोंडतात, आणि नुसतं ऑइल बदलून तो निघत नाही. वॉटर पंपच्या गळतीपायी क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला पाठवायची वेळ येते ती अशी.

हळदीबद्दलही इथेच सांगतो. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती बंद करणं ही आपल्या ड्रायव्हर मंडळींची जुनी युक्ती. रात्री घाटात गाडी अडकली, जवळ काही नाही, रेडिएटरच्या नळीला बारीक चीर आहे, अशा वेळी ती घरी पोचवते, हे मान्य. पण पंपाच्या सीलवर तिचा काही उपयोग नाही. तीच पूड पुढे रेडिएटरच्या नळ्यांत आणि ऑइल कूलरमध्ये साचते. घरी पोचल्यावर सगळं पाणी सोडून सिस्टिम फ्लश केली नाही तर त्या युक्तीची किंमत इंजिन मोजतं.

आता भोकाजवळ ओल दिसली म्हणजे लगेच पंप खाली, असंही नाही. सीलमध्ये कार्बनची एक कडी आणि समोर सिरॅमिकची, काही पंपांत सिलिकॉन कार्बाइडची, अशा दोन चकत्या एकमेकींवर फिरतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि त्याच थरावर त्या तगतात. बराच काळ उभ्या मशीनला पहिल्या स्टार्टला एखाद-दोन थेंब येऊन थांबणं, नवं सील बसताना थोडं पाझरणं, भोकाभोवती सुकलेला डाग असणं, हे चालतं. इंजिन गरम झाल्यावरही थेंब लागून राहिला, किंवा रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागायला लागलं, की पंप उतरवायचा. जुन्या पिढीच्या काही पंपांत सीलऐवजी ग्लँड आणि दोरीचं पॅकिंग असतं. तिथे तर बारीक ठिबक हवीच. ती बंद करायला नट आवळत गेलात तर पॅकिंग जळतं आणि स्पिंडलला खाचा पडतात.

पावसाळ्यानंतरच एवढी गळती का, याचं कारण उभं राहण्यात आहे. मे अखेरीला मशीन शेवटचं चालतं, नुसत्या पाण्यावर. मग ते पाणी तसंच राहतं किंवा अर्धवट सोडलेलं असतं. चकत्यांच्या कडेला गंज आणि क्षार धरतात, त्या एकमेकींना चिकटतात, सीलचं रबर कडक होतं. ऑक्टोबरमध्ये सेल मारला की स्पिंडल एकदम फिरतो आणि चिकटलेल्या कार्बनची कड तुटते. म्हणून उभं करण्यापूर्वी सिस्टिम कूलंट मिसळलेल्या पाण्याने पूर्ण भरा, पावसाळ्यात अधूनमधून इंजिन चालवून पुरतं गरम होऊ द्या, आणि हे राहून गेलं असेल तर हंगामाच्या पहिल्या दिवशी सेल मारण्यापूर्वी इंजिन हाताने, बार लावून, दोन-चार फेरे फिरवा. काही मिनिटांचं काम आहे.

गळती शोधतानाही घाई नडते. पंख्याचा वारा पाणी मागे उडवतो, त्यामुळे पंपाखाली दिसणारं पाणी वरच्या होज क्लिपचं, थर्मोस्टॅट हाउसिंगच्या गॅस्केटचं किंवा ब्लॉकच्या प्लगचंही असू शकतं. आधी तो भाग धुऊन कोरडा करा. ब्लेड, बकेट जमिनीवर टेकवा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या. मग रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावा आणि झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरा, त्यापुढे नाही. सकाळी गार असताना गळतं आणि गरम झाल्यावर थांबतं ते बहुतेक वेळा होजचं असतं. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटकडे पाहा, पंपावर दोष टाकू नका.

इथवरचं अनेकांना ठाऊक आहे. मला जे कळकळीने सांगायचं आहे ते पंप उतरवल्यानंतरचं. जुना पंप उतरतो, नवा चढतो, जुना भंगाराच्या ढिगात जातो. तो का गेला, हे कुणी पाहत नाही. मग तेच मशीन त्याच हंगामात पुन्हा येतं, आणि आपण म्हणतो, पार्ट डुप्लिकेट निघाला. डुप्लिकेट पार्ट बाजारात भरपूर आहेत, यात वाद नाही. पण दोष पार्टचा की मशीनचा, हे जुना पंप उघडल्याशिवाय कळत नाही.

इंपेलर पुलरने ओढा, सील बाहेर काढा आणि चकत्या उजेडात धरा. समोरच्या चकतीवरचा घासल्याचा पट्टा कार्बनच्या कडीपेक्षा रुंद असेल, तर स्पिंडल डुगडुगत होता. बेअरिंग गेलेलं आहे, बेल्ट प्रमाणाबाहेर ताणलेला आहे किंवा पंख्याचं पातं वाकून तोल गेलेला आहे. त्या मशीनला नवा पंप लावून बेल्ट पुन्हा तसाच ताणला, तर नव्या सीलचीही तीच गत. चकतीवर मधून बाहेर जाणाऱ्या बारीक चिरा आणि भाजल्याच्या खुणा असतील, तर ती कोरडी चालली. पाणी कमी होतं, किंवा पाणी भरण्याआधीच कुणीतरी ‘नुसता चालू करून पाहू’ म्हणून इंजिन फिरवलं. पाण्याचा थर नसेल तर चकत्या काही क्षणांत जळतात. सिरॅमिक आरपार तडकलेलं असेल तर ड्रायव्हरला विचारा, उकळलेल्या रेडिएटरमध्ये गार पाणी ओतलं होतं का. विहिरीच्या पाण्याची बादली तापल्या इंजिनात ओतणं सिरॅमिकला सोसत नाही आणि सिलिंडर हेडलाही नाही. चकत्यांवर गोल ओरखडे असतील तर पाण्यात वाळू किंवा गंज फिरतो आहे. सीलचं रबर फुगून मऊ झालं असेल तर पाण्यात ऑइल मिसळत आहे आणि पुढचं काम ऑइल कूलरचं आहे.

इंपेलरही पाहा. पात्यांवर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं पडलेली असतील तर तो गंज नव्हे. पंपाच्या ओढीच्या बाजूला दाब फार कमी झाला की पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पुढे दाब वाढताच ते धातूवर फुटतात. हजारो तास हा मारा चालला की ओतीव लोखंडही खाल्लं जातं. याचं कारण फार वेळा पंपापासून हातभर लांब असतं : रेडिएटरचं झाकण. किती मशीनांना मूळ झाकण उरलं आहे, ते आपापल्या यार्डात एकदा फिरून पाहा. कुठे दुसऱ्याच गाडीचं झाकण, कुठे रबर गेलेलं, कुठे फडकं गुंडाळून तारेने बांधलेलं. झाकण म्हणजे दाब धरून ठेवणारा वॉल्व आहे. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं. ७ पीएसआयचं झाकण नीट बसलं तर ते १११ अंशांच्या आसपास उकळतं, १५ पीएसआयच्या झाकणाखाली सुमारे १२१ अंशांना. आता तेच मशीन पसरणी घाट चढवून महाबळेश्वरला न्या. तिथे, साडेतेराशे मीटर उंचीवर, उघड्या भांड्यातलं पाणी साडेपंचाण्णव अंशांनाच उकळी धरतं. फडकं बांधलेल्या रेडिएटरच्या हातात उरतात ते साडेतेरा अंश, कारण ८२ अंशांना तर थर्मोस्टॅट उघडायला लागतो. झाकणाची किंमत पंपाच्या मानाने काहीच नाही. पंप बदलताना झाकण तपासलं नसेल तर काम अर्धं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

थर्मोस्टॅट काढून फेकणं हाही त्याच जातीचा उपाय. ‘आपल्याकडे उन्हाळा आहे, थर्मोस्टॅट कशाला’ असं म्हणणारे जुने, चांगले मिस्त्री मला भेटतात. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाताच परत फिरतो. ऐन चढावर इंजिन तापतं आणि सकाळी नको तितकं गार चालतं.

पाण्यावर मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या पंपांचं आयुष्य इथेच ठरतं. ‘आम्ही पिण्याचं पाणी घालतो’ असं साइटवर अभिमानाने सांगतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम सांगतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. क्लोराइड २५०, आणि नाइलाजाने १००० पर्यंत. आता कॅटरपिलरची इंजिनाच्या पाण्याची मर्यादा बघा : कठीणपणा १७०, क्लोराइड ४०, सल्फेट १००, एकूण विरघळलेले क्षार ३४०. माणसाला निर्धोक असलेलं पाणी इंजिनाच्या मर्यादेबाहेर कितीतरी पट जाऊ शकतं. मराठवाड्यातल्या खोल बोअरचं पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतं आणि इंजिनात पांढरा थर सोडतं. तो थर ब्लॉकच्या आत उष्णता अडवतो, त्याच्या कपच्या सुटून सीलच्या चकत्यांमध्ये जातात. क्लोराइड धातू खातं. रोज थोडं गळतं म्हणून रोज थोडं बोअरचं पाणी वर भरलं, की दररोज नवे क्षार आत येतात. गळका पंप चालवत राहण्याचं सर्वांत मोठं नुकसान हे आहे आणि ते दिसत नाही.

ज्या इंजिनांत ओले लायनर आहेत, म्हणजे कमिन्सचं एनटी-८५५ किंवा वरचं ३३०६, तिथे पाण्याचा संबंध थेट लायनरशी येतो. पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बुडबुडे धरून फुटतात आणि आरपार भोकं पडतात. एनटी-८५५ ला वॉटर फिल्टर आणि त्यात डीसीए हे रसायन याचसाठी दिलेलं असतं. कमिन्सचा कारखाना कोथरूडला १९६२ मध्ये आला, या इंजिनांवर आपल्याकडे मिस्त्र्यांच्या पिढ्या तयार झाल्या, तरीही वॉटर फिल्टर काढून तिथे प्लग मारलेली इंजिनं आजही येतात. कूलंट महाग वाटतं, हे मी समजू शकतो. तर निदान क्षार काढलेलं पाणी वापरा आणि त्यात बनवणाऱ्याने सांगितलेलं रसायन सांगितलेल्या मापाने घाला. जास्त घालूनही चालत नाही. जादा रसायनाचा साका पडतो आणि तोच सीलला घासतो. जुनं कूलंट नाल्यात सोडू नका. ग्लायकॉल गोड लागतं, जनावरं ते पितात आणि मरतात.

बसवणीबद्दल थोडंच सांगतो, कारण हात तुमचे आहेत. सील हातोडीने बसत नाही. पितळी कपच्या बाहेरच्या कडेवर दाब येईल अशी नळी लेथवर करून घ्या आणि प्रेसवर बसवा. चकत्यांना ग्रीस नको, बोट नको. बेअरिंग बॉडीत दाबताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर. इंपेलर किती खोल दाबायचा याचं माप मॅन्युअलमध्ये असतं आणि सीलच्या स्प्रिंगवर किती ताण येणार ते या मापावर ठरतं. अंदाजाने दाबलेला इंपेलर एक तर सील जाळतो किंवा गळता ठेवतो. अनेकदा ओढून काढलेल्या इंपेलरचा बोअर सैल होतो. तो सहज हाताने सरकला तर परत लावू नका. ऑइल सीलच्या जागी स्पिंडलला नखाला लागेल अशी खाच असेल तर नुसतं नवं सील घालून उपयोग नाही. आणि सिलिकॉन पेस्ट थापू नका, आतल्या बाजूला निघालेली तिची वळी सुटून रेडिएटरच्या नळीत अडकते. शेवटी, सिस्टिम पूर्ण भरून, हवा काढून, मगच सेल.

जुना पंप सुधारावा की नवा घ्यावा? ६बीटी इंजिनाचा छोटा पंप दोन बोल्टांवर बसतो, त्यात सील बदलत बसण्यात अर्थ नाही, चांगल्या कंपनीचा नवा लावावा आणि ओ-रिंगसुद्धा नवी घ्यावी. पण ३३०६ किंवा एनटी-८५५ च्या पंपाची मूळ बॉडी शाबूत असेल, तडा नसेल, सीलचा बोअर खाल्लेला नसेल, तर ती जपण्यासारखी आहे. त्या ओतकामाच्या तोडीचा माल आज सहज मिळत नाही. सील शोधायला मुंबईत नागदेवीला माणूस पाठवाल तेव्हा त्याला नुसता स्पिंडलचा व्यास सांगून पाठवू नका. तो व्यास, बॉडीचा बोअर आणि सीलची बसलेल्या अवस्थेतली उंची, ही तिन्ही मापं व्हर्नियरने घेऊन चिठ्ठीवर द्या. ज्या मशीनची बॉडीच मिळत नाही त्यांच्यासाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही पॅटर्न करून ओतून देणारे कारागीर आहेत. महाग पडतं, पण मशीन उभं राहण्यापेक्षा स्वस्त.

मालकांना एक विनंती. मिस्त्रीने ‘दीड दिवस लागेल’ म्हटलं, तर त्याला तो दीड दिवस द्या आणि जुना पंप उघडून कारण शोधण्याचे पैसेही द्या. आपल्याकडे पार्टचं बिल न कुरकुरता दिलं जातं आणि निदानाचं बिल मागितलं की लोक हसतात. मिस्त्री मंडळींनीही ते बिलात वेगळी ओळ करून लिहावं. ज्याने भोक बुजवायला नकार दिला, त्याने तुमचं इंजिन वाचवलं आहे.

आणि तुम्हा सर्वांना एक काम सांगतो. या हंगामात उतरवलेला एकही पंप न उघडता भंगारात टाकू नका. इंजिन कोणतं, किती तास चाललेलं, पाणी कुठलं, झाकण कोणतं होतं, बेल्टचा ताण कसा होता, चकत्यांवर आणि इंपेलरवर काय दिसलं, एवढं एका कागदावर लिहा आणि जमल्यास फोटोसह आमच्याकडे पाठवा. अशा नोंदींसाठी पुढच्या अंकापासून दर महिन्याला एक पान राखून ठेवत आहोत. भाषा तुमच्या वर्कशॉपची असू द्या, अक्षर कसंही असू द्या, मापं मात्र मोजूनच लिहा.